जालिंदरतात्याचं मत

जालिंदरचा मला आयुष्यभर हेवा वाटला. तो जाऊन आता सहा महिने झाले, तरी हेवा काही कमी झालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी चांगलंच लिहिणार आहे, कारण त्याच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं मला कधी सापडलंच नाही. सापडलं असतं तर एवढा जळलो नसतो.

वरकुट्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी कारखान्याच्या शेतकी खात्यात, तो एसटीत कंडक्टर. बारामती-इंदापूर गाडीवर त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली. गावाला तो तात्या, मी आबा, आणि आम्ही एकमेकांना जालिंदर आणि माणिक. नोकरी सुटली तरी त्याच्या अंगातून गाडी गेली नाही. कुणाच्या घरी गेला तर लगेच बसायचा नाही. दाराच्या चौकटीला एक हात लावून, पाय थोडे फाकवून उभा राहायचा, जसं काही घर आता वळणावर वळणार आहे. बोलताना हातातल्या पेनाने चौकटीवर टकटक करायचा. तिकिटाची यंत्रं येण्याआधी तो पंचने दांडीवर टकटक करत गाडीत फिरायचा, तीच लय.

माणसाला तो त्याच्या थांब्याच्या नावाने हाक मारायचा. लासुर्ण्याचा व्याही आला की "या लासुर्णं", निमगावचा दूधवाला दिसला की "काय निमगाव". माझी बायको पळसदेवची. आमच्या दारात येऊन तो म्हणायचा, "काय पळसदेव, च्या हाय का?" आणि ही हसायची. पाण्याकाठच्या तिच्या माहेराचं नाव मी लग्नापासून हजार वेळा घेतलं असेल. माझ्या तोंडून ते ऐकून ती कधी हसल्याचं मला आठवत नाही.

पण खरा जळफळाट वेगळाच होता. तो निवडणूक आली की व्हायचा.

मी पक्षाचा माणूस. माझे वडील पक्षाचे, मी पक्षाचा. कारखाना, सोसायटी, दूध, रस्ता, पोरांच्या नोकऱ्या, जे काही आमच्या भागात उभं राहिलं ते पक्षाने उभं केलं, असं मी मानत आलो आणि अजूनही मानतो. उमेदवार कोण आहे हे मी मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत विचारत नसे. चिन्ह बघायचं आणि बटण दाबायचं. पाऊस असो, घरात लग्न असो, सभेला पहिल्या रांगेत मी. सतरंज्या घालायला मी, उचलायलाही मीच.

आणि जालिंदर? त्याला पक्षच नव्हता. तो माणूस बघून मत द्यायचा.

आता गंमत बघा. उमेदवाराच्या गाड्या गावात शिरल्या की आधी माझं घर लागायचं. मी धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर उभा. गाडीची काच खाली व्हायची, आतून एक हात बाहेर यायचा आणि आवाज यायचा, "आबा, तुमचं काय, घरचंच हाय." काच वर. गाडी पुढे जाऊन जालिंदरच्या दारात थांबायची. मग अर्धा अर्धा तास उमेदवार त्याच्या अंगणात खुर्चीवर बसलेला, जालिंदर चौकटीला धरून उभा, आणि चहा कुठून जायचा? आमच्या घरातून. त्याची बायको लवकर गेली होती, त्यामुळे चार माणसं आली की माझीच बायको भिंतीवरून कप द्यायची. माझ्या पक्षाचा उमेदवार माझ्या घरचा चहा शेजाऱ्याच्या अंगणात बसून प्यायचा आणि मी ओट्यावर उभा राहून त्याच्या ड्रायव्हरशी पावसापाण्याच्या गोष्टी करायचो. चाळीस वर्षांच्या निष्ठेचं हे फळ. ज्याचं मत पक्कं, त्याच्या दारात कुणी थांबत नाही.

जालिंदरची मत द्यायची एक रीत होती. अख्ख्या पंचक्रोशीला ती ठाऊक होती. उमेदवार आला की तो भाषण ऐकून घ्यायचा, मग खिशातून एक चिठ्ठी काढायचा. चिठ्ठीवर गावातल्या कुणाचं तरी एक अडलेलं काम लिहिलेलं असायचं. कुणाची निराधार पेन्शन, कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या विहिरीवरचा विजेचा खांब. चिठ्ठी हातात देऊन म्हणायचा, "एवढं इचारून या. हूं दे न्हायतर न हूं दे, पर सांगाया तुमी स्वतः यायचं."

एवढंच. जो परत यायचा त्याला मत. काम झालं का, हा प्रश्नच नव्हता.

ही रीत त्याला गाडीवर सापडली होती. एकदा लासुर्ण्याच्या अलीकडे भर दुपारी त्याची गाडी बंद पडली. त्याने प्रवाशांना सांगितलं की मी पुढं जाऊन दुसरी गाडी मिळते का बघतो, तुम्ही सावलीला बसा. दोन मैल गेला, गाडी काही मिळाली नाही. ड्रायव्हरने एका सायकलवाल्याकडून त्याला निरोप धाडला होता की लोक पांगले, आता तू तिथूनच जा. तरी हा उन्हातून चालत मागे आला. बघतो तर एक म्हातारी बाभळीखाली एकटीच बसलेली. जीपवाल्याने बोलावलं तरी ती गेली नव्हती. कंडक्टर येतो म्हणून गेलाय, असं तिने सांगितलं होतं. जालिंदर हे सांगताना दरवेळी त्या जागी थांबायचा. "मी न्हाय आलो असतो तर?" एवढंच म्हणायचा. नंतर मला ही गोष्ट तोंडपाठ झाली, पण माझ्या तोंडून ती कुणी कधी ऐकून घेतली नाही.

एका विधानसभेची हकिकत सांगतो. माझ्या पक्षाच्या उमेदवाराला त्याने आमच्या गावातल्या हौसाबाईच्या पेन्शनची चिठ्ठी दिली. आठ दिवसांत पेन्शन मंजूर. उमेदवाराच्या माणसाने फोन करून जालिंदरला कळवलंसुद्धा. मी खुशीत. दुसऱ्या पक्षाचा उमेदवार, ज्या पक्षाचं नाव माझ्या वडिलांनी घरात घेऊ दिलं नसतं, त्यालाही एक चिठ्ठी मिळाली होती. तो चार दिवसांनी मोटरसायकलवर आला, घामाने डबडबलेला, आणि म्हणाला की कागद कमी आहे, काम होत नाही. पाणी प्यायला आणि गेला.

संध्याकाळी पारावर जालिंदरने जाहीर केलं की माझं मत या मोटरसायकलवाल्याला. तो दरवेळी जाहीर सांगायचा. गुप्त मतदान हा प्रकार त्याला लबाडीचा वाटायचा. माझं डोकं फिरलं. मी भर पारावर विचारलं की ज्याने काम केलं त्याला नाही आणि ज्याने केलं नाही त्याला मत, हा कुठला न्याय?

तो शांतपणे म्हणाला, "काम उद्या दुसराबी करंल, माणिक. पर न्हाय सांगाया कोन येतंय?"

लोकांनी माना डोलावल्या. त्या डोलणाऱ्या मानांत माझ्या मुलाचीही मान होती.

त्याची माणसं बहुतेक वेळा पडायची, हे मात्र लिहिलंच पाहिजे. मोटरसायकलवालाही पडला. काहींची तर अनामत गेली. माझा पक्ष जिंकायचा आणि मी गुलाल उधळायचो. पण गुलाल धुऊन झाला की लोक पुन्हा त्याच्याच अंगणात. पुढच्या वेळी तात्या काय म्हणतोय, हीच चौकशी. मी जिंकणाऱ्यांतला होतो आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. माझं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं ना.

एकदा त्याला तोंडावर पाडायची संधी आली. त्याने मत दिलेला एक जण चुकून निवडून आला आणि पंधरा दिवसांत आमच्याच पक्षात आला. मी पेढे घेऊन गेलो. म्हणालो, बघ, तुझा माणूस शेवटी आमच्या दारात आला. मग सरळ पक्षालाच दिलं असतंस तर? जालिंदरची टकटक थांबली. मी आणखी एक टोला हाणला. म्हणालो, "डायवर कितीबी चांगला असू दे, डेपोनं सांगितल्याबिगर गाडी हलती का? एकटा मानूस काय करणार तिथं जाऊन?"

तो म्हणाला, "हे खरं हाय." मग म्हणाला, "पर नुसती पाटी बघून गाडीत बसाया मला न्हाय जमत."

दोन दिवसांनी पारावर तो उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की मी त्या माणसाला वळखाया चुकलो, माझं ऐकून ज्यांनी मत दिलं त्यांनी मला माफ करा. मी घरी आलो आणि जेवलो नाही. पेढे नेले मी, हरला तो, आणि मान मिळाला त्यालाच. माझ्या पक्षानेही या वर्षांत चुका केल्याच की. मध्यंतरी तर पक्ष फुटून दोन झाले, आणि खरा कुठला ते ठरवता ठरवता माझी झोप उडाली. पण मी चुकलो, असं मला एकदाही पारावर उभं राहून म्हणता आलं नाही.

मग पंचायत समितीची निवडणूक लागली आणि पक्षाने मला तिकीट दिलं. वय उलटून गेलं होतं, पण दिलं. बायकोने ओवाळलं. ओट्यावर पहिल्यांदा गाड्या थांबल्या. माझ्या विरोधात रेखाताई उभी राहिली, अपक्ष, कपबशी चिन्ह. वस्तीवर दूध संकलन केंद्र चालवणारी बाई, वय माझ्या सुनेएवढं. तिची मला भीती नव्हती. मला एकच गोष्ट हवी होती. पारावर उभं राहून जालिंदरने म्हणावं, माझं मत माणिकला. पंचायत समिती त्यापुढे काहीच नव्हती. खोटं कशाला बोलू?

मी त्याच्या अंगणात गेलो. खुर्चीवर बसलो. इतकी वर्षं दुसऱ्यांना त्या खुर्चीवर बघितलं होतं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि खिशात हात घातला.

मला वाटलं, तंबाखू काढतोय. त्याने चिठ्ठी काढली.

वस्तीवरच्या मुली कॉलेजला जातात, सकाळची जलद गाडी आपल्या फाट्यावर थांबत नाही, तर डेपोत जाऊन थांबा मिळतो का विचारून यायचं. मी म्हणालो, अरे तू एवढी वर्षं एसटीत काढलीस, तूच जा की. तो म्हणाला, "मी मतं मागाया हुबा हाय का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी म्हणून नाही, लहानपणापासूनचा सोबती म्हणून नाही, मला त्याने इतरांच्या रांगेत उभं केलं. वर म्हणाला की हीच चिठ्ठी रेखालाबी दिलीया.

तरी मी गेलो. डेपोतल्या साहेबांनी चहा पाजला, वेळापत्रक दाखवलं आणि सांगितलं की सध्या जमणार नाही. नीट समजावून सांगितलं, त्यांची चूक काही नव्हती. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. आता इथून सरळ जालिंदरकडे जायचं आणि नाही झालं म्हणायचं, एवढंच होतं. चाळीस वर्षं त्याची रीत बघत होतो, माझ्याइतकी ती कुणाला माहीत होती?

पण आमच्या पक्षात एक शिस्त होती. मतदानाच्या आधी नाही हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काहीही विचारलं तरी "होऊन जाईल" म्हणायचं. मी स्वतः नव्या पोरांना हे शिकवलं होतं. आणि मला दिसत होतं की मी नाही म्हणालो तर संध्याकाळी पारावर बोभाटा होणार, एवढ्या मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला साधा एसटीचा थांबा मिळाला नाही. मी आमच्या बूथप्रमुखाला फोन केला आणि सांगितलं की तात्याला निरोप दे, बोलणं झालंय, होऊन जाईल.

दोन दिवसांनी भिंतीपलीकडे बोलणं ऐकू आलं म्हणून मी डोकावलो. रेखाताई अंगणात उभी होती, चप्पल हातात, पाय चिखलाने भरलेले. म्हणत होती, "तात्या, न्हाय म्हनले. दोन येळा गेले, दोन्ही येळा न्हाय." मला हसू आलं. म्हटलं, या बाईला राजकारण कोण शिकवणार! मग मी जालिंदरचं तोंड पाहिलं. कंडक्टर बंद गाडीपाशी परत आलेला बघून बाभळीखालच्या म्हातारीचं तोंड कसं दिसलं असेल, ते मला तेव्हा कळलं. माझं हसू गेलं.

त्या संध्याकाळी पारावर सगळे वाट बघत होते. जालिंदर म्हणाला, "औंदा मी काय सांगत न्हाय. ज्याला जे पटंल ते करा." आणि उठून घरी गेला. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. गावाने त्याचा अर्थ लावायचा तो लावला. तात्या शेजाऱ्याला दुखवायला नको म्हणून गप्प आहे, म्हणजे माणिकआबात काहीतरी खोट आहे. मी पडलो. फार थोडक्यात पडलो, आणि माझ्याच गावात मागे पडलो.

दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही. भिंतीवरून चहा बंद केला. बायकोने एकदा दिलाच, तर तिच्यावर ओरडलो. एव्हाना जालिंदरच्या किडन्या गेल्या होत्या आणि तो आठवड्यातून दोनदा बारामतीला रक्त शुद्ध करायला जायचा. मुलगा गाडी करतो म्हणायचा, पण हा एसटीनेच जायचा. मला हे सगळं कळत होतं. मी विचारायला गेलो नाही.

मग एका सकाळी इंदापूरच्या स्टँडवर तो मला दिसला. मी तहसीलला आलो होतो. बारामतीची जलद गाडी आमच्या फाट्यावर थांबत नाही, म्हणून ती धरायला आलेला तो बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. उभा नव्हता, बसला होता, यावरूनच काय ते समजलो. मी निघून जाणार होतो, पण पाय त्याच्याकडे वळले. जवळ जाऊन तब्येत विचारायची सोडून मी पोटातलं ओकलो.

"जालिंदर, एवढंच सांग. जन्मभर शेजारी ऱ्हायलो. एक मत देता आलं न्हाय तुला?"

तो मग म्हणाला, "तुलाच दिलं."

तो हळूहळू बोलत होता, मध्ये दम खात होता. "तू परत आला न्हाईस. मानूस धाडलास. रेखा आली तवाच कळलं व्हतं कुनाला द्यायचं. आत गेलो, मशीनपुढं हुबा ऱ्हायलो आन तुझं नाव दिसलं. बोट तिकडंच गेलं."

"मग पारावर का बोलला न्हाईस?"

"काय बोलू? मानूस बघून दिलं म्हनू? ते खोटं. शेजारी म्हनून दिलं म्हनू? मग तुझ्यात आन माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

तेवढ्यात रेखाताई आली. ती आता सदस्य होती, तरी तशीच पायात साधी चप्पल आणि हातात फाईल. तिला माझं अवघडलेपण दिसलं असावं, कारण तिने मला नमस्कार केला आणि पटकन जालिंदरकडे वळली. "तात्या, आजबी डेपोत जाऊन आले. अजून न्हायच म्हनत्यात. फुडच्या म्हैन्यात परत जाते. तुमी दिसला म्हनून सांगाया आले." मग जरा खाली वाकून म्हणाली, "तुमचं मत मी वाया जाऊ देनार न्हाय."

ज्या माणसाने जन्मभर भरलेल्या गाडीत प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून तिकीट फाडलं, पारावर सगळ्या गावाच्या डोळ्यांत बघून माफी मागितली, त्याने मान खाली घातली. पिशवीच्या बंदाची गाठ सोडायला लागला. ती गाठ सुटत नव्हती आणि तो ती सोडतच राहिला. मी तिथेच उभा होतो. मी तिला काहीतरी सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

गाडी लागली. रेखाताईने त्याला हाताला धरून पायरीवर चढवलं. त्याचं मत मला मिळालं होतं, आणि तिला ते मिळालं नव्हतं. तरी त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा जन्मात जालिंदरचा वाटला नव्हता. तो खिडकीपाशी बसला. घंटी वाजली. ती खाली उभी राहून हात हलवत होती आणि तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.